सिफिलिसचं घरी वापरायचं टेस्ट कार्ड: कार्डाला पाचपैकी चार, सोबतच्या पत्रकाला जेमतेम दीड

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. बोटाच्या रक्ताच्या थेंबावर सिफिलिसची, म्हणजे मुख्यतः शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या एका संसर्गाची, तपासणी करणारं हे कार्ड चांगलं आहे. बनावट नीट आहे, रेघ स्वच्छ उमटते, आणि सूचना पाळल्या तर घोटाळा व्हायला फारसा वाव नाही. लॅबच्या खिडकीशी उभं राहून ‘व्हीडीआरएल करायचीय’, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, असं म्हणायचा ज्याला धीर होत नाही, त्याने हे खुशाल घ्यावं. पण डब्यातलं माहितीपत्रक आणि त्याच्या जोडीचं ॲप ज्याने कोणी लिहिलंय, त्याला हा आजार कोणात सापडतो हेच उमगलेलं नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी कार्डं बनवणारे बरेच आहेत, आणि पुढे जे म्हणणार आहे त्यातलं कार्डाबद्दलचं सगळं कोणत्याही कंपनीच्या कार्डाला लागू पडेल.

मी हे कुठल्या अधिकारात बोलतेय तेही सांगते. रक्तपेढीतल्या सेरॉलॉजीच्या, म्हणजे रक्तातून संसर्ग शोधायच्या, टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. सिफिलिससाठी आधी व्हीडीआरएल, मग आरपीआर, मग एलायझा, या सगळ्या तपासण्या हाताखालून गेल्यात. व्हीडीआरएलसाठी सीरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, काचपट्टीवर थेंब घालायचा, त्यात अँटिजेन टाकायचं, रोटेटरवर मिनिटाला १८० फेऱ्यांनी चार मिनिटं फिरवायचं आणि लगेच मायक्रोस्कोपखाली धरायचं. कण सुटे दिसले तर नॉन-रिॲक्टिव्ह, गोळा झालेले दिसले तर रिॲक्टिव्ह, म्हणजे सिफिलिसची शक्यता. आरपीआरमध्ये कोळशाची बारीक पूड असते, त्यामुळे गोळे नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि मानेला आराम मिळतो.

तर या रिॲक्टिव्ह नळ्या कोणाच्या असायच्या? रक्तदात्यांच्या. म्हणजे कशा माणसांच्या, याचा जरा विचार करा. रक्त द्यायला येणारा माणूस आजारी नसतो. त्याचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघितलेलं असतं. ताप नाही, अंगावर काही उठलेलं नाही, असं त्याने फॉर्मवर लिहून दिलेलं असतं. डॉक्टरांनी त्याला तपासून ‘घ्या रक्त’ म्हटलेलं असतं. एवढ्या चाळणीतून आलेल्या धडधाकट माणसांच्या रक्तात सिफिलिसची चाचणी रिॲक्टिव्ह यायची. रोज नव्हे, पण यायचीच. त्यांना बोलावून सांगायचं काम समुपदेशकांचं, फेरनमुना घ्यायला मी असायचे. सुई टोचून घेताना जवळपास प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असायचं, ‘पण मला तर काहीच होत नाहीये.’

आता पत्रक बघा. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘खालील लक्षणे आढळल्यास ही चाचणी करा’. खाली चित्रं: व्रण, तळहातावरचं पुरळ, गळणारे केस, सुजलेल्या गाठी. आणि पान संपताना बारीक टायपात, ‘लक्षणे नसल्यास संसर्गाची शक्यता कमी असते.’ हे वाक्य वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच होतं.

सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, अंगात शिरल्यानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी, शिरलेल्या जागी एक व्रण येतो. तो बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही, आणि बघितलं तरी तो दिसेलच असं नाही, कारण गर्भाशयाच्या मुखाशी, गुदद्वाराच्या आत किंवा घशात आलेला व्रण कोणाला दिसणार? उपचार केले नाहीत तरी तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येऊ शकतं, तळहात आणि तळपायांवरसुद्धा. त्यालाही बहुधा खाज नसते. कधी इतकं फिकट असतं की साबण बदलल्यामुळे आलं असेल म्हणून सोडून दिलं जातं. तेही आपोआप जातं. पुढे सुरू होते ती सुप्त अवस्था. जंतू अंगात आहे, माणूस कामाला जातोय, जेवतोय, झोपतोय, आणि बाहेरून डॉक्टरांनी कितीही बारकाईने तपासलं तरी काही सापडत नाही. ही अवस्था वर्षानुवर्षं टिकते, काहींची जन्मभर. तिचा पत्ता फक्त रक्तात लागतो.

म्हणजे एखाद्या आजारी माणसाच्या एकूण काळाचा हिशोब मांडला, तर व्रण आणि पुरळ मिळून होतात काही आठवडे किंवा महिने, आणि उरलेली वर्षंच्या वर्षं बिनलक्षणांची. कुठल्याही एका दिवशी जगातल्या सगळ्या सिफिलिसवाल्यांना एका मैदानात उभं केलं, तर त्यातले बहुसंख्य लोक ठणठणीत दिसतील. पत्रक लिहिणाऱ्याने चित्रं काढली आहेत ती उरलेल्या मूठभरांची.

हे केवळ माझ्या टेबलावरून दिसलेलं नाही, आकडेही तेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ चा अंदाज असा होता की १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांत साधारण ०.५ टक्के लोकांना सिफिलिस आहे. दोनशेंत एक. जगभरात मिळून जवळपास दोन कोटी माणसं. २०२२ या एका वर्षात याच वयोगटातल्या सुमारे ८० लाख लोकांना नव्याने लागण झाली, असा त्यांचा पुढचा अंदाज आहे. हा आजार सगळीकडे सारखा पसरलेला नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधल्या २००० ते २०२० या काळातल्या जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा प्रमाण ७.५ टक्के भरलं, म्हणजे सर्वसाधारण आकड्याच्या पंधरापट.

अमेरिकेतली नोंद जास्त बोलकी आहे, कारण तिथे टप्प्यांप्रमाणे मोजतात. २०२२ मध्ये तिथे सिफिलिसचे एकूण २,०७,२५५ रुग्ण नोंदले गेले. १९५० नंतर एवढा आकडा झाला नव्हता. त्यांपैकी पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातले, म्हणजे व्रण किंवा पुरळ असलेले, ५९,०१६. शंभरातले २८-२९. जन्मजात सिफिलिसची काही हजार बाळं बाजूला काढली तर बाकी सगळे त्या दोन टप्प्यांच्या पलीकडचे, आणि अशांचा शोध मुख्यतः रक्त तपासूनच लागतो. कोणी गरोदरपणात, कोणी रक्तदानात, कोणी एचआयव्हीच्या तपासणीबरोबर. ज्यांचं रक्त कोणी काढलंच नाही ते या मोजणीत नाहीतच, हेही लक्षात घ्या. लक्षणांवर विसंबून मोजायचं म्हटलं तर हा आकडा तिसऱ्या हिश्शावर आला असता आणि सगळे खूश झाले असते.

पत्रकाचा राग इथे थोडा बाजूला ठेवते आणि कार्डाकडे वळते, कारण ते खरंच मन लावून बनवलंय.

डब्यात ॲल्युमिनियमच्या पाकिटात कार्ड, ओलावा शोषणारी पुडी, स्पिरिटचा पुसणा, बोट टोचायच्या दोन सुया (लॅन्सेट), प्लास्टिकची बारीक नळी आणि बफरची, म्हणजे रक्तात मिसळायच्या द्रावणाची, छोटी कुपी. दोन लॅन्सेट दिल्या आहेत याचं मी मनापासून कौतुक करते. पहिल्यांदा टोचणाऱ्याचा हात कचरतो आणि सुई वाया जाते, हे कोणीतरी बघून ठरवलेलं दिसतं. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला टोचायचं, पण अगदी मधोमध नाही, जरा कडेला. तिथे दुखतं कमी आणि रक्त बरं येतं. त्याआधी हात कोमट पाण्याखाली धरा आणि मनगटाकडून बोटाकडे चोळत आणा. पत्रकात हे लिहिलेलं नाही. गार बोट पिळत बसलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं आणि नमुना पातळ होतो. पुसण्याचं स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कापसाने टिपून टाका, दुसरा घ्या.

नळीवर काळी खूण आहे, तिथपर्यंत रक्त आपोआप चढतं, दाबायची गरज नाही. ते खालच्या गोल भोकात सोडायचं आणि वर बफरचे थेंब. मग खिडकीत बघत राहावं असं वाटतं, आणि मी राहिले. आधी गुलाबी लाट सरकत वर जाते, पट्टी रंगते, लगेच मागची बाजू पांढरी व्हायला लागते. कंट्रोलची, म्हणजे कार्ड नीट चाललं हे सांगणारी, रेघ आधी धुरकट आणि मग गडद होत गेली. टेस्टच्या जागी काही नाही. कंट्रोलची रेघ आली नाही तर कार्ड फुकट, मग टेस्टची रेघ कितीही गडद असो. दिलेल्या वेळेतच वाचायचं, त्याच्याआधी नाही आणि नंतर तर नाहीच. रात्री केलेलं कार्ड सकाळी उठून पाहिलं तर वाळलेल्या पट्टीवर भुतासारखी रेघ दिसू शकते. तिला काही अर्थ नसतो. उलट वेळेत आलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची. ‘अर्धी पॉझिटिव्ह’ असा प्रकार या कार्डात नाही.

दोन कार्डं घेतली होती. दुसरं भाच्यासाठी. त्याचं आणि त्याच्या मैत्रिणीचं आता एकत्र राहायचं ठरतंय आणि दोघांनी सगळ्या तपासण्या करून घ्यायच्या असं त्यांनी आपसांत ठरवलं. मला याचं कौतुकच वाटलं. पण पत्रक वाचून पठ्ठ्या म्हणतो, ‘मावशी, अगं यातलं एकही लक्षण नाहीये मला. मग कशाला बोट टोचून घेऊ?’ शिकलेला मुलगा आहे. पत्रकाने त्याला दोन मिनिटांत उलट्या वाटेला लावलं. मी म्हटलं, ‘लक्षण असतं तर तुला डॉक्टरकडे पाठवलं असतं, कार्ड कशाला दिलं असतं?’ जिथे लक्षण नाही तिथेच असल्या कार्डाचा उपयोग. अंगावर व्रण असेल तर या कार्डावर विसंबूच नये, कारण व्रण येतो तेव्हा रक्तात अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, कार्ड तीच शोधतं) तयार झालेल्या असतीलच असं नाही आणि कार्ड निगेटिव्ह येऊ शकतं. अशा वेळी थेट दवाखाना. म्हणजे पत्रकाने ज्याला ‘चाचणी करा’ म्हटलंय त्याच्यासाठी कार्ड अपुरं, आणि ज्याला ‘शक्यता कमी’ म्हणून हुसकावलंय त्याच्यासाठी नेमकं.

त्याने टोचून घेतलं. पुढचं त्याचं त्याच्यापाशी.

मग त्याने एक हुशार प्रश्न विचारला, आणि पत्रकात त्याचं उत्तर नाही म्हणून इथे देते. रेघ आली म्हणजे नक्की आजार आहे का? याचं उत्तर तो आजार तुमच्यासारख्या लोकांत किती आहे यावर अवलंबून असतं. हिशोब करा. समजा कार्ड शंभर आजारी माणसांतले अठ्ठ्याण्णव पकडतं आणि शंभर निरोगी माणसांतल्या एकालाच चुकून पॉझिटिव्ह ठरवतं. ऐकायला उत्तम. आता दोनशेंत एक या प्रमाणाच्या १०,००० माणसांना तपासलं. आजारी ५०, त्यातले ४९ पकडले. निरोगी ९,९५०, त्यातल्या शंभरेक जणांना उगाच रेघ आली. एकूण रेघा दीडशेच्या घरात, खऱ्या तीनांत एक. तेच कार्ड ७.५ टक्के प्रमाण असलेल्या १०,००० जणांत वापरलं तर ७५० आजाऱ्यांतले ७३५ सापडतात आणि उगाचच्या रेघा नव्वदेक. तिथे दहातल्या जवळपास नऊ रेघा खऱ्या. कार्ड तेच, रसायन तेच, रेघ तेवढीच गडद, आणि तिचा अर्थ बदलला. निगेटिव्हचा भरवसा मात्र दोन्हीकडे चांगला.

म्हणून पॉझिटिव्ह रेघेनंतर दुसरी तपासणी हवीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या घरगुती सिफिलिस चाचणीला पहिल्यांदा परवानगी दिली, तेव्हाही नुसत्या तिच्या निकालावर निदान करायचं नाही, पुढची तपासणी करायची, असं स्पष्ट बजावलं होतं. या डब्यावर तसं लिहिलंय, पण मागच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी.

कार्डाची दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. ही चाचणी ज्या अँटिबॉडी शोधते त्या जंतूविरुद्धच्या असतात, आणि एकदा तयार झाल्या की बहुतेकांच्या रक्तात त्या जन्मभर राहतात, उपचाराने आजार पूर्ण बरा झाला तरी. शाळेच्या हजेरीपटावरून कोण कधी येऊन गेलं ते कळतं, आत्ता वर्गात कोण बसलंय ते कळत नाही, तसं. माझ्या एका परिचितांना खूप वर्षांपूर्वी सिफिलिस झाला होता, व्यवस्थित उपचार झाले होते. त्यांनी कुतूहल म्हणून माझ्यासमोर कार्ड केलं. रेघ आली, कंट्रोलइतकीच गडद. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना आरपीआर करून घ्यायला लावलं, नॉन-रिॲक्टिव्ह. म्हणजे जुना हिशोब मिटलेलाच होता. मी तिथे नसते तर त्या माणसाने ती रात्र कशी काढली असती? ‘पूर्वी सिफिलिससाठी उपचार घेतले असल्यास हे कार्ड वापरू नका’ हे वाक्य डब्याच्या तोंडावर हवं, झाकण उघडायच्या आधी वाचता येईल असं.

जिवंत आजाराचा अंदाज येतो तो व्हीडीआरएल किंवा आरपीआरच्या टायटरवरून. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि शेवटची रिॲक्टिव्ह पायरी लिहायची: एकास आठ, एकास बत्तीस. उपचारानंतर हा आकडा निदान चौपट खाली यावा लागतो, बत्तीसचा आठ. आकडा असल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही ते समजत नाही, आणि कार्ड आकडा देत नाही. अर्थात व्हीडीआरएल तरी कुठे धुतल्या तांदळाची. ल्युपसमध्ये, मलेरियात, कुष्ठरोगात, कधी गरोदरपणातसुद्धा ती उगाच रिॲक्टिव्ह येते. उलट अँटिबॉडी फारच जास्त असतील तर न पातळ केलेला नमुना नॉन-रिॲक्टिव्ह भासू शकतो. म्हणूनच दोन वेगळ्या जातींच्या चाचण्या एकमेकींच्या जोडीला ठेवतात. एकटीवर कुणीही विसंबत नाही, आणि कार्डानेही तसा आव आणू नये.

निगेटिव्ह आलं तरी एक तारीख आठवून बघा. शेवटचा असुरक्षित संबंध तीन महिन्यांच्या आत आला असेल तर आजच्या निगेटिव्हवर निश्चिंत होऊ नका. ९० दिवस उलटल्यावर पुन्हा करा. पत्रकात हे आहे, आणि बरोबर आहे. श्रेय देते.

आता सेवा. डब्यावरचा कोड स्कॅन केला की ॲप उघडतं. नाव सक्तीचं नाही, हे उत्तम. पण पहिला प्रश्न काय? ‘आपल्याला कोणती लक्षणे आहेत?’ मी ‘एकही नाही’वर बोट ठेवलं, तर पडद्यावर हिरवा बिल्ला आला, ‘कमी जोखीम’. जोडीदारांबद्दल, निरोधबद्दल, आधीच्या तपासण्यांबद्दल विचारण्याआधीच! पुढचे प्रश्न आले तेव्हाही बिल्ला वर कोपऱ्यात हसत होता. मुद्दाम परत जाऊन मी गेल्या वर्षातले अनेक जोडीदार, निरोधचा वापर नाही, अशी उत्तरं भरली. बिल्ला हिरवाच. जोखीम कशावरून ठरवतात ते लिहिणाऱ्याला कोणी सांगितलंच नसावं. जोखीम ठरते संबंधांवरून, जोडीदाराला झालेल्या आजारावरून, तुमच्या भागात आणि तुमच्या गटात तो किती पसरलाय यावरून. अंगावर आज काय दिसतंय यावरून नाही.

सल्ल्याच्या फोनवरची मुलगी बोलायला गोड होती, आणि आवाजात कुठेही तुच्छता नव्हती. या विषयात हे फार मोठं आहे, माझ्या काळात खिडकीपलीकडून कशा नजरा यायच्या ते मी पाहिलंय. पण तिच्यासमोर कागद होता आणि कागदाबाहेर जायची तिला मुभा नव्हती. मी विचारलं, ‘रेघ आली, पण मला काही त्रास नाही, तर पुढे काय?’ ती म्हणाली, ‘ताई, लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना भेटा.’ मी म्हटलं, ‘अगं, दिसणारच नाहीत, तर?’ ती गप्प झाली आणि मग तेच वाक्य पुन्हा. जोडीदाराला कसं सांगायचं, कोणाकोणाला सांगायचं, गरोदर असेल तर काय, या कशाचंच उत्तर कागदावर नव्हतं.

गरोदरपणाचा मुद्दा तर पहिल्या पानावर हवा होता. सुप्त अवस्थेत संबंधांतून लागण होण्याची शक्यता कमी होत जाते, हे खरं. पण आईकडून गर्भाला लागण होण्यासाठी आईला लक्षणं असावी लागत नाहीत, आणि तिचा संसर्ग काही वर्षं जुना असला तरी ते होऊ शकतं. २०१६ मध्ये जगभरात सुमारे ६,६१,००० गर्भारपणांत बाळापर्यंत सिफिलिस पोहोचला असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. त्यातल्या सुमारे ३,५५,००० मध्ये परिणाम उघड होते: गर्भातच मृत्यू, जन्मल्यावर मृत्यू, अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळं, आजार घेऊनच जन्मलेली बाळं. उरलेली बाळं जन्मताना ठीक दिसत होती. म्हणजे आईही ठीक दिसते, बाळही ठीक दिसतं. म्हणून तर पहिल्याच तपासणीला प्रत्येक गरोदर बाईचं रक्त बघायचं असतं, तिला विचारत न बसता की तुला काय होतंय.

‘काही होत नाही तर राहू दे ना’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन जुन्या गोष्टी आहेत. नॉर्वेत ऑस्लोच्या सीझर बोक या डॉक्टरने १८९१ ते १९१० या काळात दोनेक हजार रुग्णांना पाऱ्याचे उपचार दिलेच नाहीत, कारण त्या काळचं ते औषध रोगापेक्षा वाईट असं त्याचं मत होतं. पुढे दुसऱ्यांनी त्या रुग्णांचा माग काढला. साठेक टक्क्यांना पुढे फारसा त्रास झाला नाही. पण चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांना उशिराचा सिफिलिस झाला: कोणाच्या महारोहिणीला, कोणाच्या मेंदूला, कोणाच्या हाडा-कातडीला. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या टस्कीगीची. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने सुप्त सिफिलिस असलेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरसुद्धा. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याबद्दल माफी मागितली. त्या माणसांना निवडलं होतं ते त्यांच्यात आजार सुप्त होता म्हणूनच, हे मला नेहमी सगळ्यात झोंबतं.

आणि उपाय किती साधा आहे! बेंझाथीन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कुल्ल्यात. संसर्ग अलीकडचा असेल तर एकदाच, जुना असेल किंवा किती जुना ते सांगता येत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. बिनलक्षणांच्या माणसाला बहुधा तीन घ्यावे लागतात, कारण सुरुवात कधी झाली ते त्यालाच ठाऊक नसतं. इंजेक्शन घट्ट असतं, दुखतं, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी ताप आणि अंगदुखी होऊ शकते, जंतू मरतात त्याची ती प्रतिक्रिया असते, दिवसभरात ओसरते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

घ्यावं कोणी? ज्यांना कधी सिफिलिस झालेला नाही, अंगावर आज काही नाही, शेवटच्या जोखमीला तीन महिने उलटलेत आणि लॅबपर्यंत पाय वळत नाहीत, त्यांनी. जोडीदार बदलत असतील तर अधूनमधून परत. घेऊ नये कोणी? पूर्वी उपचार झालेल्यांनी, आत्ता व्रण किंवा पुरळ असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी. या तिघांनी थेट लॅब आणि डॉक्टर. लॅबला जायची ज्यांना लाज वाटत नाही त्यांनीही कार्डाच्या भानगडीत पडू नये, शिरेतलं रक्त देऊन दोन्ही चाचण्या एकदम होतात.

पाकीट साधं होतं, वर काही छापलेलं नव्हतं, हे विचारणारे असतात म्हणून सांगितलं. वापरलेली लॅन्सेट टाकायला डब्यात काही दिलेलं नाही. मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण लावून ठेवली आणि ओळखीच्या लॅबमध्ये सुयांच्या डब्यात टाकली. तुम्ही नुसती कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागते.

पत्रकाबद्दल कंपनीला सविस्तर लिहिलंय, पहिल्या पानाचा मसुदाही करून पाठवलाय. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं छापील उत्तर आलंय. नवीन छपाईत ते बारीक टायपातलं वाक्य गेलेलं दिसलं तर पत्रकाचे गुण वाढवीन, आणि हिरवा बिल्लाही गेला तर ॲपचेही.